दोन्ही दिवे लागले तेव्हा

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम
रविवार, ७ डिसेंबर २०२५
(मार्गशीर्ष वद्य तृतीया. तुला तिथीचा काही उपयोग नाही, पण संस्कृतच्या मास्तराचं पोट तिच्यावर आहे, म्हणून लिहितो.)

चि. निकिता,

आशीर्वाद शेवटी लिहीन, जमलं तर.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईची कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे. तुरीला शेंगा धरल्या आहेत आणि शाळेतली पोरं त्या हिरव्याच खाऊन वर्गात येतात, त्यामुळे माझ्या तासाला सुगंध दरवळतो, ज्ञान नाही. नववीत तुझ्यासारखा एक नग यंदाही निघाला आहे. मराठी वाक्य लिहायचं, शेवटी दोन टिंबं द्यायची आणि म्हणायचं, झालं संस्कृत. मी त्याला म्हटलं, बाबा, या पद्धतीच्या मूळ आचार्या सध्या देशोदेशीच्या मुलींशी तलवार खेळतात. तो म्हणाला, "मंग मले पाच मार्क जास्त द्या."

पत्र पाहून तू हसशील. मोबाइल असताना सरांनी कागद-पेन का काढलं? तर परवा तुझा फोन आला तेव्हा मी किती बोललो ते आठव. "हो", "हं", "बरं", आणि मग, "अगं, चार्जिंग संपलं." चार्जिंग संपलं नव्हतं. भरपूर होतं.

तू फोनवर दोन गोष्टी विचारल्या होत्यास. एक, "सर, म्याच झाल्यावर मी तुमाले किती पाह्यलं, तुमी गेले कुठी होते?" आणि दुसरी, "आता पुढं हात वर करू का नको? तुमी सांगान तसं." दोन्हींची उत्तरं देणं आहे. पण मी संस्कृतचा माणूस, मला मंगलाचरणापासून सुरुवात केल्याशिवाय मुद्द्यावर येता येत नाही. सहन कर. पाच वर्षं केलंसच.

नागपूरला मी तुझ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशीच पोचलो होतो. अकोल्यापर्यंत एसटी, पुढं रेल्वे. तुझ्या आईला यायचं होतं, पण वेचणीला बायका मिळत नव्हत्या. तिनं तुझ्याकडून आलेला तो पालकांचा पास माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "सर, माह्या जागी तुमीच बसा. मले तं त्यातलं काही समजत नाई. तुमी तिले शिकवलं, तुमीच पाहा." त्या पासावर इंग्रजीत तिचं नाव होतं, सरिता. गळ्यात सरिता घालून मी त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये शिरलो. दारावरच्या पोरानं माझ्या मिशीकडं पाहिलं, पासाकडं पाहिलं, आणि सोडलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

काय तो थाट! आपल्याकडं शाळेच्या पटांगणात चुन्यानं पट्टी आखायची आणि मधून कुत्रं गेलं की खेळ थांबवायचा. इथं आठ पट्ट्या, प्रत्येकीवर झगझगीत उजेड, दोन्ही टोकांना खेळाडूच्या पाठीला लावलेल्या वायरी, आणि कुणाचा वार कुणाला टेकला की लगेच दिवा. एकीचा लाल, दुसरीचा हिरवा. मला वाटलं, जगात द्विवचन आता दोनच ठिकाणी उरलं आहे, माझ्या वर्गात आणि या पट्टीवर. दोन मुली, दोन दिवे, दोन तलवारी. निकाल तेवढा एकवचनी.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ येऊन बसले. गळ्यातल्या पट्ट्यावरून कळलं की निवड समितीतले. राष्ट्रीय शिबिरासाठी कोणाला घ्यायचं ते ठरवायला आले होते. मी त्यांचं नाव इथं लिहीत नाही. मनातल्या मनात मी त्यांना टोपीसाहेब म्हणत होतो, तेच चालवू.

आता तुला खरं सांगतो, पहिला तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. आपण पाहतो ते आपल्याला कळतं आहे, हे सुख मास्तरला क्वचित मिळतं. एक उंच परदेशी मुलगी खेळत होती, सगळे तिच्या हाताला टाळ्या देत होते. मी सहज म्हणालो, "हाथ अच्छा है, पर पिछला पाँव आलसी है. थकेगी तो वहीं मार खाएगी." दोन डावांनंतर ती तिथंच मार खाऊन हरली. टोपीसाहेबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग मणिपूरच्या एका मुलीबद्दल मी म्हणालो की ही वार करण्याआधी श्वास रोखते, समोरच्याला ते ऐकू येत असेल. तेही जुळलं. टोपीसाहेब म्हणाले, "मास्टरजी, आपकी नज़र तेज़ है. कहाँ के कोच हैं?" मी म्हणालो, "कोच कहाँ साहब, संस्कृत पढ़ाता हूँ." ते हसले. मला ते हसणं फार आवडलं. मग मी आणखी बोललो. चहा आला, समोसे आले. मी त्यांना प्रत्येक खेळाडूवर एकेक वाक्य देत गेलो, आणि प्रत्येक वाक्याला थोडी फोडणी. मागच्या रांगेतले दोघेही वाकून ऐकायला लागले. वर्गात पोरं माझ्या विनोदाला हसतात, पण त्यांना पासिंगची चिंता असते. ही माणसं स्वखुशीनं हसत होती.

समोसे बरे होते. आत वाटाणे होते.

मग तुझं नाव पुकारलं. शेवटच्या सोळा जणींतली लढत.

मी त्यांना सांगितलं नाही की ही माझी विद्यार्थिनी. का? मला वाटलं, आधी ते स्वतःच तुझं कौतुक करतील, मग हळूच सांगू. नाटकात शेवटी ओळख पटते तसं. मास्तरांना नाटकाचा सोस असतो.

आणि तू खेळलीसही तशीच. समोरची उझबेकिस्तानची पोरगी तुझ्याहून वीतभर उंच. तू सुरुवातीला मागं पडलीस, मग एकेक करून सगळं भरून काढलंस. टोपीसाहेब खुर्चीत पुढं सरकले. "ये कौन है? वाशिम? वाशिम किधर पड़ता है?" मी म्हणालो, "अकोला के आगे." माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आता सांगतो, आता सांगतो. चौदा-चौदा झालं. शेवटचा गुण. तुम्ही दोघी एकाच क्षणी सुटलात आणि दोन्ही दिवे लागले.

दोन्ही दिवे लागले की ज्याची चाल आधी त्याचा गुण, एवढं पंचानं ठरवायचं. पंच घुटमळला. तो व्हिडिओ पाहायला वळणारच होता. आणि तू डावा हात वर केलास.

मास्कच्या आतून तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. पण मला ठाऊक आहे. "लागला."

पंचानं तुझ्याकडं पाहिलं आणि गुण तिला दिला.

इथं मला पटांगण आठवलं. तुला सातवीतलं आठवतं का? हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की संस्कृतचे तास कमी आहेत, तेव्हा तलवारबाजीही तुमच्याकडं, दोन्ही गोष्टी जुन्याच. पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी गुरू झालो. तलवारी नव्हत्या. तुझ्या आईनं शेतातून तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा, भारा आणून टाकला. तुराटी मोडली तर वार जोराचा झाला, म्हणजे चूक. टेकली तर बरोबर. पण टेकली की नाही हे सांगणार कोण? दिवे नव्हते, वायरी नव्हत्या, पंच म्हणून मी एकटा आणि माझा चष्मा. मग मी नियम केला: ज्याला लागला त्यानंच डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, "लागला." मारणाऱ्यानं बोलायचं नाही. पुढं दोन मास्क आले, जुनं जाकीट आलं, खऱ्या तलवारी आल्या, पण दिव्याचं यंत्र कधीच आलं नाही. तेव्हा नियम तसाच राहिला. मी त्याला वरून थोडं संस्कृत लावलं, सत्याबद्दल वगैरे भाषण ठोकलं, की तो नियम गरजेतून आला आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये. तू तेवढी ते भाषण मन लावून ऐकणारी निघालीस. बाकीची पोरं हात अर्धाच वर करायची. तू पूर्ण.

मी पुन्हा विषय टाळतो आहे, लक्षात आलं असेल.

टोपीसाहेब ताडकन उभे राहिले. "अरे! ये क्या किया? वीडियो में जाता तो पॉइंट इसका भी हो सकता था! हाथ क्यों उठाया? किसने सिखाया इसको ये?"

एवढाच प्रश्न होता, निकिता. किसने सिखाया. याचं उत्तर दोन अक्षरांचं होतं. मैंने.

मी पाहिलं की मागचे दोघे माझ्याकडं बघत आहेत. आता मास्टरजी काय म्हणतात? तासभर त्यांनी माझं शहाणपण चाखलं होतं. मी जर म्हणालो असतो की हे मी शिकवलं, तुराट्या घेऊन, चुन्याच्या पट्टीवर, तर मी पुन्हा मेडशीचा मास्तर झालो असतो. आणि जिभेवर वाक्य तयार होतं. माझ्या जिभेवर वाक्य नेहमीच तयार असतं, हे तुला ठाऊक आहे. त्यापायी कितीदा रुसलीस.

मी म्हणालो, "वऱ्हाड की लड़की है साहब. मेहमान को खाली हाथ नहीं भेजती."

फार हसले. टोपीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. मागच्यानं ते पुढच्या रांगेला सांगितलं. मीही हसलो. आपल्याच विनोदाला.

मग त्यांनी हसू आवरत विचारलं, "आप जानते हैं इसको?"

मी म्हणालो, "नहीं, ऐसे ही."

आणि पास काढून खिशात घातला, पेनाच्या मागं, सरिता हे नाव आतल्या बाजूला. तो पास अजून त्याच सदऱ्यात आहे. घरी तुझ्या काकूंनी सदरा धुवायला मागितला, मी दिलेला नाही. त्या म्हणाल्या, "काहून, त्यात काय सोनं ठेवलं?"

टोपीसाहेब बसले. समोसा संपवला. म्हणाले, "खेल अच्छा है, पर जिगर नहीं. दबाव में हाथ खड़े कर देती है. कैंप में ऐसों का क्या करें." मी समोसा खात होतो. माझ्या तोंडात घास होता, हे कारण नाही, नुसतं सांगतो.

तू मास्क काढून, तिच्याशी हात मिळवून, प्रेक्षकांत मला शोधत होतीस. मी ते पाहिलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. निकिता, मी चपला घातल्या होत्या.

हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

नंतरचं तुला ठाऊक आहे. यादी आली, तुझं नाव नाही. तुझा फोन आला आणि तू रडली नाहीस, उलट हसत सांगितलंस, "सर, इथं वसतिगृहात मले सगळे मेहमाननवाज म्हणून राह्यले. कोणं नाव पाडलं कोण जाने. म्हणे वऱ्हाडची पोरगी पाहुण्याले खाली हात धाडत नाई. भलतं जोरदार आहे ना सर? तुमच्यासारखंच बोलते तो कोणीतरी." आणि लगेच, "पण तिची चाल आधी होती, सर. मले ठाऊक होतं. तुमी खुश झाले असान ना?"

तेव्हा माझं चार्जिंग संपलं.

ते नाव मी पाडलं. आणि मी खुश झालो होतो, हेही खरं आहे. तुझा हात वर गेला त्या क्षणी, विनोद सुचायच्या आधी, माझ्या अंगावर काटा आला होता. तो क्षण माझ्याकडं होता आणि मी तो एका टाळीला विकला.

दुसऱ्या दिवशी तुझी आई रस्त्यात भेटली. डोक्यावर कापसाचं गाठोडं. ते खाली न ठेवताच विचारलं, "सर, हरली तं हरली, पण लिस्टीत काहून नाई आली? तुमी तं त्या साहेबायच्या बाजूलेच बसले होते, तुमीच तं सांगतलं. दोन शब्द बोलले असते."

मी म्हणालो, "बोललो ना."

"मंग?"

"मंग काही नाही, सरिताबाई. ऐकून घेतलं त्यांनी."

"जाऊ द्या. तुमी प्रयत्न केला, हेच लय झालं," ती म्हणाली आणि निघाली. माझ्यासाठी पावशेर शेंगा ओच्यात घेऊन आली होती, त्याही दिल्या. मी घेतल्या.

घरी येऊन त्या शेंगा काकूंच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी संपवून म्हणाल्या, "तुमी आतापर्यंत मले बोलले, भावाले बोलले, पोराले बोलले. आमी हसलो. आमाले वाटे माणूस मनानं चांगला आहे." एवढंच. माणूस मनानं कसा आहे, याबद्दल त्यांनी नवीन मत दिलं नाही. भाजी निवडून आत गेल्या.

काल जिल्हा संघटनेच्या माणसाकडून नंबर घेऊन मी टोपीसाहेबांना फोन लावला. त्यांनी आवाज ओळखला. "अरे मास्टरजी! मेहमान वाले!" आणि हसायला लागले. मी त्यांना म्हणालो की साहेब, आधी ऐका. त्या मुलीला हात वर करायला मी शिकवलं. आमच्याकडं दिवे नव्हते. ती घाबरली नव्हती. ती सहा वर्षं तसंच खेळते आहे, जिंकतानाही. आणि मी तिला ओळखतो. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

त्यांचं हसणं थांबलं. ते फार सौम्यपणे म्हणाले, आणि त्यांचा तो सौम्यपणाच मला लागला, "तो उसी वक़्त बोलना था ना, मास्टरजी. मैं समझा डर गई. डर का मेरे पास इलाज नहीं है, इसलिए छोड़ दिया. ये तो दूसरी बात हुई."

मी विचारलं, आता?

"अब लिस्ट जा चुकी. फ़रवरी में एक ट्रायल और है. भेज दो. देखेंगे. वादा नहीं करता." आणि फोन ठेवण्याआधी, "आप पर हँसी आती थी उस दिन. अब नहीं आ रही."

म्हणजे फेब्रुवारीची एक चाचणी आहे. तुझ्या केंद्रावर सूचना येईल, नाही आली तर सरळ त्यांना विचार, माझं नाव घेतलंस तरी चालेल, न घेतलंस तर बरं. दोन महिने तुझे माझ्यामुळे गेले. शिबिरातल्या मुली तेवढ्यात दोन महिने पुढं गेल्या असतील. हे भरून देण्याची माझ्याकडं काही सोय नाही, आणि आहे असं दाखवणारही नाही.

आता दुसरा प्रश्न. हात वर करू का नको.

पूर्वी मी याचं झकास उत्तर दिलं असतं. आता एवढंच सांगतो की तो नियम मी यंत्र नव्हतं म्हणून केला. धर्म वगैरे नंतर चिकटवला. जिथं दिवे आहेत आणि पंच आहे, तिथं तू गप्प राहिलीस तर ते खोटं होणार नाही. ते त्यांचं काम आहे, त्यांना करू दे. तेव्हा माझ्यासाठी म्हणून हात वर करत असशील तर आजपासून करू नकोस. त्या नियमाचा कर्ता पहिल्याच खऱ्या परीक्षेत नापास झाला आहे. पण तुला स्वतःला तसंच खेळायचं असेल, तर तो नियम आता माझा नाही, तुझा आहे. सर सांगतील तसं, हे वाक्य मात्र पुन्हा कुणाला म्हणू नकोस. मला तर नाहीच.

वसतिगृहातल्या पोरींना सांग की ते नाव कुणी पाडलं. हे पत्र वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. त्यांना हसू दे, पण योग्य माणसावर. तुझ्या आईला मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे. गाठोडं खाली ठेवायला लावून. तिचा पास तिला परत देईन.

आशीर्वाद द्यायचं मनात होतं. दर वेळी लिहितो तेच दोन शब्द, विजयिनी भव. पण ते वरून खाली द्यायचे असतात, आणि सध्या मी त्या उंचीवर नाही. तेव्हा ती जागा मोकळी ठेवतो.

पत्र लिहिताना कागद डाव्या हातानं दाबून धरला होता. आता लिहून झालं, तो मोकळा आहे. तू समोर असतीस तर दिसला असता. पूर्ण वर आहे, त्या बाकीच्या पोरांसारखा अर्धा नाही.

लागला.

जगदेव इंगोले